कारणाचा रकाना

यंदा चैत्रात वारा पुन्हा खालून सुटला.

आमच्या वेल्ह्याच्या खोऱ्यात वाऱ्याला दोनच वाटा. वरून, मढे घाटाच्या तोंडातून येतो तो कोकणचा, अंगाला चिकटणारा. खालून, नसरापूरच्या बाजूनं येतो तो कोरडा, ओठ फाडणारा, डोळ्यांत माती घालणारा. वरचा वारा असला की वाडीत माणसं ओट्यावर बसून बोलतात. खालचा सुटला की बोलणं आपोआप कमी होतं. कोंबड्यासुद्धा उकरायचं थांबवतात. काल दुपारी शेजारच्या परसात एक कोंबडी भिंतीकडे तोंड करून उभी दिसली. नुसती उभी. माझ्या हातातला चहा निवून गेला तरी मी तिच्याकडेच बघत होतो. नंतर ती हलली, दोन दाणे टिपले आणि गेली. तिला काही झालं नव्हतं. पण मला रात्री जेवण गेलं नाही.

पन्नासाहून जास्त वर्षं झाली. तसल्याच एका चैत्रात माझ्या घरातून दोन गोष्टी गेल्या. कोंबड्या पुढे परत आल्या.

मी चौथी शिकलेला माणूस. कापूरहोळला ट्रकांत माल चढवला, मग वाड्यावाड्यांतून अंडी गोळा करून, पाटीत भाताचा पेंढा घालून, सायकलवर नसरापूरच्या बाजाराला नेली. एका खेपेत एक अंडं फुटलं तर स्वतःला शिव्या घालायचो. मला कुणी काही दिलेलं नाही. जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं, आणि घासाघीस करताना माझा आवाज बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा. लोक मला कोंबडीवाला म्हणायचे. तोंडावर म्हणायचे तेव्हा मी रागवायचो, पाठीमागं म्हणायचे तेव्हा जास्त रागवायचो.

धंद्यात एक गोष्ट मी लवकर शिकलो. समोरचा भांडला, रुसला, टोपली उचलून चालू लागला, तर माल चांगला. समोरचा पहिल्या बोलीलाच "न्या" म्हणाला, तर पाय मागं घ्यायचा. काहीतरी आहे जे तुम्हाला दिसत नाही. ही अक्कल मला होती. तरी आयुष्यात दोनदा "न्या" ऐकूनही मी पाय मागं घेतला नाही.

पहिलं "न्या" शाळेतलं.

माझी थोरली सुजाता तेव्हा नऊ वर्षांची, मिलिंद सहाचा. सुजाताला आकड्यांचं वेड. एके दिवशी गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवलं आणि उत्तर चुकलं. पोर उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, हातचा राहिला." गुरुजी वळले. "मला शिकवतेस? तू?" म्हणाले आणि शाळा सुटेपर्यंत तिला उन्हात उभं केलं. हे तिनं मला सांगितलं नाही, मिलिंदनं सांगितलं. त्यातला "तू" मला नीट कळला. आमच्या वस्तीतल्या कुणालाही कळला असता. धर्म बदलला, गावकीची कामं सोडली, घरात तसबीर लावली, तरी तो "तू" अजून लोकांच्या जिभेखाली तसाच होता.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. काय काय बोललो ते आता आठवत नाही. खिडकीला पोरं लोंबकळली होती एवढं आठवतं. शेवटी ओरडलो, "माजी पोरं मी हितं ठेवनार न्हाई!"

गुरुजी खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "न्या," म्हणाले. "कोंबड्यांच्या खुराड्यात शिकवा."

"शिकवतो," मी म्हणालो. "खुराड्यातच शिकवतो."

गुरुजी वारले त्यालाही आता किती वर्षं झाली. मी मयताला गेलो नाही. त्याचा पस्तावा मला आजही नाही.

घरी चंद्रानं, माझ्या बायकोनं, चूल फुंकायची थांबवून माझ्याकडं बघितलं. "शिकायचं म्हनून तर सगळं सोडलं आपन. आन् तुमी पोरं घरी आनून बसवता?"

"घरी शिकतील."

"कोन शिकवनार? तुमी? आवं, तुमची सही बघून तलाठी हसतो."

पण मी शिकवलं. रागावर चाललेली शाळा होती ती, तरी चालली. चौथीची परीक्षा बाहेरून देता येते असं मला कुणीतरी सांगितलं होतं. सुजातानं ती द्यायची, पहिली यायचं, आणि निकालाचा कागद मी गुरुजींच्या टेबलावर ठेवायचा, एवढाच माझा अभ्यासक्रम. पुस्तकं दोन होती. बाकी सगळं तेवीस कोंबड्यांनी शिकवलं. अंडी तागडीत घालून वजन, वजनावरून सरासरी. मालाला गुंडाळून आलेल्या वर्तमानपत्रांवर वाचन. बाजाराच्या वाटेवरची गावं म्हणजे भूगोल. घारीची सावली अंगणातून गेली की कोंबड्या जमिनीला चिकटतात. घार उंच असताना सावली केवढी आणि खाली आल्यावर केवढी, यावर बहीणभावाचं दोन दिवस भांडण. मिलिंदनं प्रत्येक कोंबडीला नाव ठेवलं होतं. एका तुसड्या कोंबडीचं नाव त्यानं गुरुजी ठेवलं. मी त्याला रागावलो नाही.

चंद्रा म्हणायची, कोंबडी अंड्यांवर बसवताना अंडी विषम घालावी. अकरा, तेरा. सम घातली तर रवण फुकट जातं, पिल्लं निघत नाहीत.

"का?" सुजातानं विचारलं.

"का म्हंजी? घालत्यात."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, घालून बघ. तिनं खुडूक होऊन अंड्यांवर बसायला आलेल्या काळ्या कोंबडीखाली बारा अंडी घातली. रोज कोळशानं भिंतीवर एक रेघ. आमच्या दाराच्या फळीतली गाठ निघून भोक पडलं होतं. दुपारी दार लावलं की त्यातून उन्हाची काठी घरात शिरायची. आठव्या रेघेला आम्ही एकेक अंडं त्या भोकाला लावलं. अंडं आतून पेटल्यासारखं लाल झालं, त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, आणि मधोमध एक ठिपका, तो हलत होता. चंद्रा मागून येऊन बघून गेली. एकविसाव्या रेघेला बारातून अकरा पिल्लं निघाली. सुजातानं आईसमोर पाटी धरली. "आई, सम चालतं."

"लई शानी झालीस," चंद्रा म्हणाली, पण पुढच्या वेळी तिनं स्वतः दहा घातली.

मी सुजाताला एक वही दिली होती. त्यात तीन रकाने आखून दिले. तारीख. काय झालं. कारण. कारण लिहिल्याशिवाय ओळ पुरी होत नाही, हा माझा नियम. कोंबडीनं अंडं दिलं नाही: कारण, पिसं झडतायत. पिल्लू बुडालं: कारण, पाण्याची थाळी खोल. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी वही तपासायचो. कारण पटलं नाही तर पुन्हा लिहायला लावायचो. ती भांडायची. मला ते भांडण आवडायचं. बाजारातल्या भांडणात मी जिंकायचो. इथं हरलो की छाती फुगायची.

एक नियम मी भोरच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या एका भल्या माणसाकडून आणला होता. बाहेरून आणलेलं पाखरू पंधरा दिवस वेगळ्या डालग्याखाली ठेवायचं, त्याचं पाणीसुद्धा वेगळं. सुजातानं तो वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिला. कारणासकट.

मग तो चैत्र आला आणि वारा खालून सुटला.

पहिली बातमी सारोळ्याहून आली. कोंबड्यांना मानमोडी लागली. पाखरू एका जागी उभं राहतं, हिरवं हगतं, मान पिळल्यासारखी मागं वळते आणि संपतं. चार दिवसांनी कापूरहोळ. मग नसरापूर. बाजारात कोंबडीवाल्यांच्या ओळीत मोकळ्या जागा दिसायला लागल्या. माणसं म्हणायची, वाऱ्यानं येतीय. संध्याकाळी लोक तोंड पूर्वेकडं करून बसायचे, जसं काही ती डोळ्यांना दिसणार होती. कुणी परसात लिंबाचा पाला जाळला, कुणी खुराड्याला गेरूची बोटं ओढली. आमच्या वाडीत कोंबडे पहाटे आरवायचे आणि आम्ही अंथरुणात पडून मोजायचो, सगळे आरवले का.

सुजातानं वहीच्या मागच्या पानावर गावं लिहून काढली होती, त्यांच्यापुढं दिवस. एका दुपारी ती पान घेऊन माझ्याकडं आली.

"आबा, वाऱ्यानं येत न्हाई."

"मग?"

"वारा आला आसता तर समद्या गावांत एकदम आला आसता. ही यष्टीच्या रस्त्यानं येतीय. सारोळे, कापूरहोळ, नसरापूर. बगा. जिथं गाडी थांबती तिथं आधी. बाजार झाला की दोन-चार दिसांनी." तिनं बोट पुढं सरकवलं. आंबवणे. मार्गासनी. विंझर. मग आम्ही. "मान्सं आनत्यात तिला. पाटीत घालून."

मी ते पान कितीतरी वेळ धरून होतो. नऊ वर्षांची पोर. आख्खं खोरं पूर्वेकडं तोंड करून बसलं होतं आणि हिनं वाट शोधली होती. मला वाटलं तसंच उठावं, शाळेत जावं आणि ते पान गुरुजींच्या नाकासमोर धरावं.

त्याच आठवड्यात शिवेच्या धोंड्याजवळ उतारा पडला. खालच्या गावानं आणून ठेवला होता. दहीभात, हिरव्या बांगड्या, लिंबाचा डहाळा, आणि पाय बांधलेली एक जिवंत कोंबडी, कुंकू माखलेली. आपल्या गावातली पीडा तिच्यावर उतरवायची आणि दुसऱ्याच्या शिवेत सोडायची. पूर्वी तो उतारा उचलून पुढच्या गावाच्या शिवेत टाकायचं काम आमच्या लोकांकडं होतं. माझ्या वडिलांनी ते केलं. मोबदला काय, तर ती कोंबडी.

गावातला एक म्हातारा आमच्या वस्तीशी आला. लांबच उभा राहिला. "आरं, त्ये उचलून फुडं न्या की. दोन दीस झालं पडलंय."

"आमी ते काम सोडलं."

"सोडलं म्हनं! तुजा बाप गुमान न्यायचा."

"न्यायचा. म्हनून त्याच्या खुराड्यात एक कोंबडी कदी जगली न्हाई," मी म्हणालो. "तुमची पीडा तुमी न्या, तात्या. पाटी देऊ का?"

म्हातारा थुंकून गेला. पोरांना मी बजावलं, त्या कोंबडीला हात लावायचा नाही. सुजाता लांबून बघून आली आणि तिनं वहीत लिहिलं: शिवेवरची कोंबडी. मान वाकडी. कारण, माणसांनी आणली. तिसऱ्या दिवशी धोंड्याजवळ नुसती पिसं राहिली. ती खालच्या वाऱ्यावर आमच्या वाडीकडं लोळत आली. चंद्रानं ती चिमट्यानं उचलून जाळली.

आता वाटतं, मी तेवढ्यावर शहाणा ठरलो असतो. हे दार मी मानानं बंद केलं होतं. दुसरं हावेनं उघडलं.

नसरापूरच्या बाजारात एक बाई पाच पांढऱ्या विलायती तलंगा, कोवळ्या कोंबड्या, घेऊन बसली होती. कापसासारख्या पांढऱ्या, लाल तुऱ्याच्या, अंड्यावर आलेल्या. असल्या कोंबड्या वर्षाला किती अंडी देतात हे मी नुसतं ऐकून होतो. आमच्या खोऱ्यात एकाकडंही नव्हत्या. तिनं किंमत सांगितली. मी सवयीनं निम्म्याच्याही खाली बोललो. अशा वेळी बाई माझ्या आईवडिलांपर्यंत जाते, मी टोपलीला लाथ मारल्यासारखं करतो, आणि मग कुठं खेळ सुरू होतो.

ती म्हणाली, "न्या."

मी विचारलं, "कुटल्या ह्या?"

"हितल्याच की," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली.

मी चोच बघितली, पंखाखाली बघितलं. सगळं ठीक होतं. मानमोडी गावठी कोंबडीला होते, विलायतीला नाही, असंही स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे सौदा मारल्याची नशा होती. घासाघीस न करता मिळालेला विजय मला कळला नाही, कारण तसा आधी कधी मिळालाच नव्हता. सायकलवर परत येताना मार्गासनीला चहा प्यायलो आणि चार लोकांना पाटी उघडून दाखवली.

वाडीत शिरलो तर पाचदहा माणसं मागं. अंगणात पाटी उतरवली. "बगा, वेल्ह्यात हायेत का कुनाकडं?" पोरंटोरं, बाया, तो उताऱ्यासाठी आलेला म्हातारासुद्धा लांबून मान उंच करून बघत होता. मी एक पांढरी तलंग काढून अंगणात सोडली. आमच्या कोंबड्या तिच्याभोवती जमल्या.

सुजाता डालगं घेऊन आली. "आबा, सोडू नगा. पंधरा दीस येगळ्या ठेवायच्या. कुटनं आनल्या? नसरापुरातनं? आवो, तिथं तर..."

सगळ्यांसमोर. मागं कुणीतरी हसलं. म्हाताराच असावा.

मी म्हणालो, "मला शिकवतेस? तू?"

ते शब्द तोंडातून सुटले आणि मला दुसऱ्याच्या आवाजात ऐकू आले. चंद्रा दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. सुजाता माझ्याकडं बघत राहिली, उन्हात, डालगं हातात धरून. चेहरा लाल झाला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. तिनं डालगं खाली ठेवलं आणि आत गेली. मी उरलेल्या चारही तलंगा सोडल्या. मोठ्यानं काहीतरी विनोदही केला. लोक हसले.

त्या वेळी काळी कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसली होती. भिंतीवर बारा रेघा होत्या.

सतराव्या रेघेला सकाळी एक पांढरी तलंग भिंतीकडं तोंड करून उभी दिसली. दुपारपर्यंत ती तिथंच होती. तिसऱ्या प्रहरी तिची मान मागं वळली, जणू पाठीमागून कुणी हाक मारली होती. त्यानंतर काही करायला वेळ मिळाला नाही. मिलिंद एकेकीचं नाव घेऊन सांगत यायचा. गुरुजी नावाची कोंबडी गेली तेव्हा तो सगळ्यांत जास्त रडला. परसात मी खड्डे खणत होतो. जमीन चैत्राची, दगडासारखी, पहार लावली की ठिणगी. शेजारच्या परसांतही खणल्याचे आवाज यायला लागले. माझ्या अंगणातून ती वाडीभर गेली होती. म्हातारा एकदा कुंपणाशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो तरी असतो.

विसाव्या रेघेला काळी कोंबडी अंड्यांवरच मेली. पंख पसरलेले, मान वाकडी, तरी बसलेली. चंद्रानं अंडी गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवली. सुजातानं एकविसावी रेघ ओढली. मग बाविसावी. त्यानंतर ओढली नाही. अंडी कानाला लावली तर आत काही नव्हतं. ती दाराच्या भोकाला लावून बघायचा धीर आमच्यापैकी कुणालाच झाला नाही.

जूनमध्ये मी पोरांना परत शाळेत घातलं. गुरुजींनी नुसती हजेरीत नावं लिहिली. सुजाता पुढं शिकली, भोरला राहिली, चांगली नोकरी केली, सगळं रीतसर. पाहुणे म्हणतात, तुमची मुलगी किती शांत. कोंबड्या मी पुढच्या वर्षी परत आणल्या, चाळीस. पण त्या दिवसानंतर माझ्या मुलीनं माझी चूक मला कधी दाखवली नाही. मी खोटा हिशोब सांगितला, चुकीच्या वाटेनं गाडी घेतली, आईच्या आजारात चुकीच्या ठिकाणी हट्ट धरला, ती "बरं आबा" म्हणाली. त्या "बरं" आणि "न्या" यांत मला फरक ऐकू येत नाही.

आणि माझा राग गुरुजींवर तसाच राहिला. तो सोपा होता.

ती वही माझ्या पेटीत आहे. सापडली ती चंद्राच्या मागं, तिचं सामान आवरताना. त्या दिवसाची ओळ सुजातानं लिहिली होती. तारीख. मग, आज पाच पांढऱ्या तलंगा आणल्या, वेगळ्या ठेवल्या नाहीत. कारणाचा रकाना कोरा. पुढच्या सगळ्या ओळींत कोंबड्यांची नावं, आणि प्रत्येकीपुढं कोरा रकाना. मला वाटायचं, पोरीनं मला सांभाळून घेतलं. बापाचं नाव लिहायला तिचा हात धजला नाही. या विचारात एक ऊब होती. मी ती बरीच वर्षं घेतली.

परवा ती आली होती. साठी ओलांडली तिनं. वारा खालून सुटला होता, दारं लावून बसलो होतो. त्या चैत्राचं सांगता सांगता मी वही काढली आणि ते पान समोर धरलं. "हे कोरं का सोडलंस गं?"

तिनं चष्मा लावून पान वाचलं.

"ते कारण माझ्याकडं कुठं होतं, आबा? तुमच्याकडं होतं. मी जागा ठेवली होती."

"मग विचारायचं होतंस."

"तुम्ही रोज वही तपासायचा. त्या दिवसापासून तपासली नाहीत." तिनं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "मी महिनाभर रोज संध्याकाळी ती तुमच्या पाटाशेजारी ठेवत होते."

मग ती उठली, शेवटची एसटी गाठायची म्हणून. जाताना दार नीट ओढून घ्या म्हणाली, धूळ येतीय.

काल ती शेजारची कोंबडी हलून निघून गेल्यावर मी पेन्सिलीला टोक केलं. अक्षर तलाठ्याला हसू यावं असंच आहे अजून. त्या ओळीपुढं, कोऱ्या रकान्यात, एक शब्द लिहिला. आबा. खालच्या ओळींतही तोच लिहीत गेलो, एकेका नावापुढं, काळ्या कोंबडीपर्यंत. मग थांबलो, पुन्हा वर गेलो, आणि पहिल्या ओळीत त्याच्या शेजारी ते तीन शब्दही लिहिले, जे मी तिला म्हणालो होतो.

वही पिशवीत घालून दाराशी ठेवली आहे. ती पुढच्या खेपेला आली की तपासायला देईन. कारण पटलं नाही तर पुन्हा लिहायला लाव, म्हणेन. ती लावेल, की नुसतं "बरं आबा" म्हणेल, हे मला सांगता येत नाही. वारा अजून खालूनच येतोय.